गावच्या दगडाची नोंद करायला निघताना

नवी मुंबईतल्या कुठल्याही गावठाणात गळ्यात कॅमेरा आणि हातात टेप घेऊन शिरा. पाच मिनिटांत कुणीतरी आडवं येऊन विचारेल, "सर्व्हेवाले का तुम्ही?" या प्रश्नामागे पन्नास वर्षांची धास्ती आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर वसलं. शेतं गेली, मिठागरं गेली, गावठाण तेवढं उरलं. घरातली माणसं वाढली तशी लोकांनी गरजेपोटी घरं बांधली, आणि त्या घरांचं पुढे काय होणार हा घोर अनेकांना आजही आहे. अशा गावात टेप काढणारा माणूस दिसला की लोकांना कोकणचे जुने शिलाहार राजे आठवत नाहीत, नोटीस आठवते.

पुरातत्त्वाचा अभ्यासक्रम करून किंवा निव्वळ आवडीपोटी ठाणे-नवी मुंबईच्या गावांत वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), गद्धेगळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड), जुन्या मूर्ती, तळी, बंदरं यांची नोंद करायला निघालेल्या नव्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. दगड ओळखायला वर्गात शिकवतात. गावाबरोबर काम कसं करायचं ते बहुधा कुणी सांगत नाही, आणि आपल्या भागात त्याशिवाय पान हलत नाही.

आधी घरी बसून

निघण्यापूर्वी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, चाळा. तुम्ही जाणार त्या गावाचं नाव त्यात असेल तर उतरवून घ्या, नसेल तर शेजारच्या गावांबद्दल काय लिहिलंय ते बघा. कोकणच्या शिलाहारांचा इतिहास निदान ढोबळ तरी माहीत हवा. ठाणं म्हणजे त्यांच्या काळातलं श्रीस्थानक. इथेच १७८७ साली पायाचं खोदकाम चालू असताना अरिकेसरी राजाचे ताम्रपट निघाले, शके ९३९ चे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, मुम्मुणी राजाच्या काळातला. भिवंडी तालुक्यात चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१ चा लेख आहे, आणि उरणजवळ चांजे व रानवड इथले लेख शेवटचा राजा सोमेश्वर याच्या काळातले, शके ११८० च्या आसपासचे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतली असेल तर ७९ मिळवावे लागतात. एवढं पाठ असलं की गावात कुणी "हे कधीचं?" म्हणून विचारलं तर तुम्ही तोंडाला येईल ते बोलत नाही.

मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून गावठाणाची वेडीवाकडी वीण शोधा. आखीव सेक्टरांच्या मध्ये ती चटकन दिसते. तिच्या कडेला तळं, मोठं झाड, देऊळ कुठे आहे ते टिपा. जुने दगड बहुतेक वेळा याच तिघांच्या आसपास असतात.

कधी जायचं, तेही आधीच ठरवा. दगड नीट बघायचे तर दिवाळी ते होळी हा काळ चांगला. गवत वाळलेलं असतं, शेवाळ सुटलेलं असतं. पण कोळीवाड्यात माणसांशी निवांत बोलायचं असेल तर जून-जुलैच्या मासेमारीबंदीत जा. होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, दारात जाळी विणायचं काम चालू असतं, आणि विणता विणता माणूस बोलतो. गावदेवीच्या जत्रेला तर जाच. त्या दिवशी माहेरवाशिणी आलेल्या असतात. त्यांच्या लहानपणी देवळाबाहेर काय काय होतं, हे गावात राहणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त लख्ख आठवतं, कारण त्यांनी गाव बदलताना रोज पाहिलेलं नसतं.

कुणाला भेटायचं

ग्रामीण ठाण्यात, म्हणजे शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे, सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटल्यावाचून काम सुरू करू नका. आदिवासी पाड्यावर जाणार असाल तर पाड्यातल्या जाणत्या माणसाला वेगळं भेटा. सरपंचांनी हो म्हटलं म्हणजे पाड्याने हो म्हटलं असं नसतं. नवी मुंबई आणि ठाणे शहरातल्या गावठाणांना ग्रामपंचायत राहिलेली नाही, पण गावकी आहे. ग्रामस्थ मंडळ असतं, देवस्थानाची कमिटी असते, महिला मंडळ असतं, कोळीवाड्यात जुने नाखवा, म्हणजे होड्यांचे तांडेल, असतात. पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवा. मंडळाच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या, तिथे उभं राहून तीन गोष्टी सांगा: मी कोण, मला काय बघायचंय, आणि त्याचं पुढे काय करणार. त्याच दमात चौथीही सांगा: मी घरं मोजायला आलेले नाही, जमिनीच्या कागदांशी माझा संबंध नाही. हे वाक्य तुम्हाला अनावश्यक वाटेल. समोर बसलेले लोक मात्र त्याचीच वाट बघत असतात.

दुसरी शंका हमखास येते: "तुम्ही नोंद केलीत की पुरातत्त्ववाले येऊन आमचं बांधकाम बंद करणार ना?" तिला उडवून लावू नका, कारण ती अर्धी खरी आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन बांधकाम, हे २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच आहे. अंबरनाथच्या मंदिराला ते लागू आहे. पण तुम्ही वहीत केलेल्या नोंदीने कुठलाही दगड संरक्षित होत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते, हरकती मांडायला लोकांना दोन महिने मिळतात. हे सगळं साध्या भाषेत, कागदावर लिहून मंडळाकडे द्या. अर्धवट माहिती देऊन परवानगी मिळवली तर ती एकदाच मिळते.

दगडासमोर

आता दगडाकडे. चपला काढा. इतर कुणी काढत नसलं तरी काढा. गावाच्या लेखी तो म्हसोबा असेल, वेताळ असेल, गावदेवीचा राखणदार असेल. तुमच्या वहीतलं त्याचं नाव वेगळं असलं म्हणून त्याचं देवपण कमी होत नाही. शेंदूर लावलेला असेल तर हात लावण्याआधी विचारा, आणि शेंदूर खरवडायचा तर विचारसुद्धा करू नका. शेंदराची पुटं चढत चढत जाड कवच होतं, त्याखाली कोरीव काम झाकलं जातं हे खरं. पण अख्ख्या गावाच्या हातांनी चढवलेला तो थर आहे. तो उतरवायचा की नाही हे गावाने ठरवायचं, आणि उतरवायचाच झाला तर ते काम प्रशिक्षित संवर्धकाचं. तारेचा ब्रश, साबण, आम्ल, खडू, तेल यांतलं काहीही दगडाला लावू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळायची जुनी सवय अजून काही जण शिकवतात. ती सोडा.

अक्षरं वाचायला उजेड पुरतो. संध्याकाळी दिवेलागणीला जा, टॉर्च दगडाच्या पृष्ठाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा आणि हळूहळू फिरवा. भर उन्हात ज्या दगडावर तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं, त्याच्यावर आडव्या सावलीत एकेक ओळ वर येते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्याबरोबर गावातली चार मुलं होती. त्यांतल्या एकाने माझ्या हातातून टॉर्च घेतला तो परत दिलाच नाही; पुढचा अर्धा तास तोच उजेड फिरवत होता आणि मी फोटो काढत होते. तेव्हापासून टॉर्च धरायचं काम मी कायम गावातल्याच कुणाला तरी देते.

फोटोत दहा सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी ठेवा, दगडाला टेकवून नाही, शेजारी. चारही बाजूंनी फोटो काढा, मग आसपासची जागा दिसेल असे लांबून दोन. शक्य असेल तर मोबाइलवरून एकमेकांवर चढणारे पन्नास-साठ फोटो घ्या, त्यांवरून नंतर त्रिमितीय प्रतिकृती करता येते. उंची, रुंदी, जाडी मोजा. जमिनीत किती गाडला गेलाय त्याचा अंदाज वेगळा लिहा. तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. ओला कागद ठोकून ठसा घेणं हे वेगळं कौशल्य आहे, शिकल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

ओळखीपुरतं थोडक्यात सांगते. वीरगळावर चौकटी असतात: तळाला लढाई किंवा मरण, मधे अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर बहुधा कलश. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसतो. गद्धेगळावर वर चंद्र-सूर्य, मधे असलाच तर लेख, आणि खाली गाढव व स्त्री.

या गद्धेगळापाशी थोडं थांबायला हवं, कारण नवखी मंडळी इथेच अडखळतात. खालचं चित्र उघडउघड अश्लील आहे. ते बघून कुणी हसतं, कुणी मान फिरवतं, आणि गावात असा दगड पुष्कळदा पालथा घातलेला किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला सापडतो. लोक त्याला अशुभ मानतात. खरं तर ती दानपत्राची राखण आहे. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दान दिली, करातून सूट दिली, तर ते दान पुढे जो कुणी मोडेल त्याला ही शिवी आहे. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान टिकावं, म्हणून ते माथ्यावर.

खाडीकाठच्या एका गावात असाच एक दगड देवळाच्या मागच्या भिंतीला तोंड लावून उभा होता. तिथल्या एका आजींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम उलटा ठेवलाय, बाय. पोरीबाली जातात यथून." मी त्यांना चित्राचा अर्थ सांगितला. सांगताना माझीच जीभ अडखळत होती. आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे जमीन घेनाऱ्याला शिवी हाय ती?" मी हो म्हटलं. त्यांनी पोराला हाक मारली, "अरं, सुलट करा रं त्याला."

तो दगड त्या दिवशी लगेच फिरवला नाही. मीच थांबवलं, कारण हलवण्याआधी मूळ स्थितीची नोंद व्हायला हवी होती आणि मंडळालाही विचारायला हवं होतं. पंधरा दिवसांनी गावाने बसून ठरवलं आणि तो सुलट झाला. असा अर्थ सांगताना बायकांना वेगळं, पुरुषांना वेगळं सांगावं लागतं, लहान मुलांसमोर तर शब्द जपूनच वापरावे लागतात. गावातली एखादी शिक्षिका किंवा आशाताई बरोबर असेल तर फार सोपं जातं.

गोष्ट ऐकताना

दगडाइतकीच त्याची गोष्टही नोंदवायची. "हा किती जुना?" या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं, "आजोबांच्या आधीपासून." त्याऐवजी असं विचारा: शेंदूर कोण लावतं? नैवेद्य कधी? कोंबडं की नारळ? हा आधी कुठे होता? शेवटचा प्रश्न नवी मुंबईत सगळ्यात मोलाचा. रस्ता काढताना, तळं बुजवताना, सोसायटी उभी राहताना इथले कितीतरी दगड उचलून देवळाच्या आवारात आणून ठेवले गेले आहेत. आज तो ज्या जागी दिसतो ती जागा इतिहासाला काही सांगत नाही. मूळ जागा ज्यांना आठवते अशी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना हाताला धरून, रिक्षात बसवून त्या जागेपर्यंत न्या. "इथे बांध होता, तिथे उघाडी, उघाडीच्या अंगाला हा" असं ते उभ्या उभ्या दाखवतात (उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार), आणि तुम्हाला एका पेट्रोल पंपाच्या जागी खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची खारी जमीन, दिसायला लागतं.

आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणाऱ्या धवलारणींना भेटायला विसरू नका. त्यांच्या गाण्यांत गावोगावच्या देवांची नावं येतात, काही अशा ठिकाणांची, जी नकाशावरून पुसली गेली आहेत. मिठागरांत राबलेल्या माणसांकडून आगराचे शब्द उतरवून घ्या. आगरी हे नावच आगरावरून आलं, आणि मिठागराची बांधबंदिस्तीही तेवढाच वारसा आहे, जरी तिच्यावर एकही अक्षर कोरलेलं नसलं.

परवानगी तीन वेळा घ्या, वेगवेगळी: लिहून घेऊ का, आवाज रेकॉर्ड करू का, आणि हे तुमच्या नावानिशी छापू का. बरेच जण पहिल्या दोनांना हो म्हणतात, तिसऱ्याला नाही. तो नकार वहीत ठळक लिहा. दोन माणसांच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा. आणि कुणाची गोष्ट चारचौघांत खोडू नका. एखादे काका वीरगळाला "पांडवांनी एका रात्रीत केलेला" म्हणाले तर आधी पूर्ण ऐका. चहा झाल्यावर, त्यांनी विचारलं तर, तुमचं म्हणणं सांगा.

काही नवं सापडलं तर

खोदायचं नाही. काठीने उकरायचंसुद्धा नाही. उत्खननाला परवाना लागतो आणि तो अभ्यास संस्थांना मिळतो. पण पाया खणताना, नाला काढताना गावकऱ्यांनाच काही सापडतं आणि ते तुम्हाला फोन करतात, अशी वेळ येईल. त्यांना सांगा: जागेवरच ठेवा, फोटो काढा, पोलीस पाटील किंवा तहसीलदारांना कळवा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांवर किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांपलीकडच्या मूर्ती, नाणी, ताम्रपट हे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला तुम्ही स्वतः पत्र लिहा, प्रत मंडळाला द्या. वस्तू "अभ्यासासाठी" घरी नेणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्या गावात तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाचं दार त्याने बंद होतं.

आता माझी एक चूक. सुरुवातीच्या काळात एका डोंगरपायथ्याच्या गावातला गद्धेगळ मला फार आवडला. त्याच रात्री मी फोटो समाजमाध्यमावर टाकला, खाली नेमकं लोकेशनही दिलं. तीनेक आठवड्यांनी गावातून फोन आला. जाऊन बघते तर दगड आडवा पडलेला, तळाशी गुडघाभर खड्डा, खड्ड्यात कापलेली लिंबं आणि हळद-कुंकू. गुप्तधन शोधणारे येऊन गेले होते. दगडाचा खालचा कोपरा कायमचा फुटला. ज्या काकांनी मला तो दाखवला होता, ते मला काहीच बोलले नाहीत. फुटलेला तुकडा तेवढा त्यांनी फडक्यात बांधून ठेवला होता, तो माझ्या हातात दिला. तेव्हापासून नेमकं ठिकाण मी फक्त संचालनालयाकडे जाणाऱ्या नोंदीत लिहिते. बाहेर गावाचं नावही गावाला विचारूनच जातं. मोबाइलच्या फोटोत लोकेशन आपोआप साठतं, ते पाठवण्याआधी काढून टाका.

जीर्णोद्धार निघाला की

चोरीपेक्षा जास्त दगड आपल्याकडे भक्तीने जातात. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, ग्रॅनाइट येतं, टाइल्स येतात, आणि जुने दगड तळ्यात विसर्जन होतात किंवा भरावात जातात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो; देवाला नवं घर द्यायचंय. म्हणून नारळ फुटायच्या आधी कमिटीत जाऊन बसायला हवं. तिथे "हे पाडू नका" म्हणून सुरुवात केलीत तर बैठक तिथेच संपली. आवारात एक चौथरा बांधा, जुने दगड त्यावर उभे करा, वर पत्र्याची का होईना सावली करा, असं सुचवा. दगड सिमेंटमध्ये गाडायचे नाहीत, ऑइलपेंट द्यायचा नाही, पाणी साचू द्यायचं नाही. देणगीदारांच्या फलकाशेजारी दगडांच्या माहितीचा फलक लागला तर कमिटीला अभिमानच वाटतो. त्या फलकावरचा मजकूर मी कधी एकटी लिहीत नाही. गावाची गोष्ट वर, शिलाहार खाली.

नोंद गावात परत

काम झालं की अहवाल विद्यापीठात जातो, गावाला काही मिळत नाही, ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकली आहे. चार पानांची मराठी पुस्तिका पुरते: मोठी अक्षरं, ठळक फोटो, सांगणाऱ्यांची नावं (ज्यांनी हो म्हटलं त्यांची), बोलीतले शब्द जसेच्या तसे. एक प्रत मंडळाला, एक शाळेला, एक त्या आजींच्या घरी. रेकॉर्ड केलेला आवाज पेनड्राइव्हवर घालून घरच्यांना द्या. दोन वर्षांनी तो त्यांच्याकडे असलेला एकमेव आवाज असू शकतो.

शाळेत एक तास मागून घ्या आणि मुलांना दगडापर्यंत चालवत न्या. वर्षातून एकदा त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढायचं काम आठवी-नववीतल्या दोघांकडे सोपवा. तडा वाढला, दगड कलला, रंग लागला, तर आधी त्यांना कळेल. त्यांचा नंबर तुमच्याकडे असू द्या आणि तुमचा देवळाच्या कमिटीकडे. पुढच्या जत्रेची तारीख विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवून, नारळ घेऊन जा.